थांबलेल्या वाहनांचा हिशेब

चौकातील हिरवा दिवा कोणत्या रस्त्याला किती सेकंद द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता वाहतूक पोलिसांचा वाटतो. वस्तुतः तो वाटपाचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. एका रस्त्याला दिलेला प्रत्येक सेकंद दुसऱ्याकडून काढून घ्यावा लागतो. पुण्यासह देशातील अनेक शहरांत हे वाटप आता संगणकाकडे सोपविले जात आहे. अशी योजना प्रत्यक्षात आणण्यापूर्वी संगणकातच रस्ते, चौक व वाहने यांचे प्रतिरूप उभारून तिची परीक्षा घेता येते. त्या परीक्षेत वाहनांचा थांबण्याचा काळ कमी करणारी योजना सरस ठरते. तेव्हा हा काळ मोजतात कसा, हे विचारणे अगत्याचे आहे.

'सुमो' या आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. जर्मनीतील अवकाश व विमानविद्या संशोधन केंद्राने विकसित केलेली ही आज्ञावली २००१ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. तिच्या व्याख्येनुसार वाहनाचा वेग सेकंदाला १० सेंटिमीटरपेक्षा कमी झाला, तरच ते थांबले असे मानतात. म्हणजे पायी चालणाऱ्याच्या गतीने सरकणारी बस या हिशेबात थांबलेली नसतेच! संथ गतीमुळे वाया गेलेल्या वेळाचे माप तेथे निराळे आहे. परंतु ते पाहण्याची तसदी घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न मोजणीच्या खर्चाचा. रस्त्यांवर सतत १०,००० वाहने आहेत आणि प्रत्येकाला दर सेकंदाला 'किती वेळ थांबलास?' असे विचारले, तर एका तासात ३ कोटी ६० लाख प्रश्न होतात. याला सोपा उपाय आहे आणि तो शिक्षकांना परिचित आहे. वर्षाअखेर प्रत्येक विद्यार्थ्याला उपस्थितीचे दिवस विचारण्याऐवजी रोजची डोकी मोजून बेरीज केली, तरी एकूण हजेरी तीच येते. त्याचप्रमाणे दर सेकंदाला प्रत्येक रस्त्यावर थांबलेली वाहने मोजून ते आकडे मिळवीत गेले, की एकूण प्रतीक्षा मिळते. मात्र प्रत्येक वाहनाचा वाढता आकडाच दर सेकंदाला मिळवीत गेल्यास घोटाळा होतो. पाच सेकंद थांबलेल्या वाहनाचे एक, दोन, तीन, चार, पाच मिळून पंधरा सेकंद होतात!

सरासरी काढण्याची युक्तीही जुनीच आहे. अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केले की, दीर्घकाळात रांगेची सरासरी लांबी म्हणजे येणाऱ्यांचा दर गुणिले सरासरी प्रतीक्षा. मिनिटाला १० वाहने येत असतील आणि रांगेत सरासरी २० असतील, तर प्रतीक्षा दोन मिनिटांची. एकाही वाहनाची वेगळी नोंद ठेवावी लागत नाही.

परंतु हा काटकसरीचा हिशेब एक गोष्ट झाकून ठेवतो. वीस वाहने प्रत्येकी ३० सेकंद थांबली, अथवा अठरा वाहने १० सेकंद व उरलेली दोन २१० सेकंद थांबली, तरी बेरीज ६०० सेकंदच. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यात जसा दरिद्री दिसत नाही, तसाच या बेरजेत आडरस्त्यावरचा माणूस दिसत नाही. शिवाय चाळीस प्रवाशांची बस आणि एकट्याची मोटार येथे समान मोजली जाते.

याहून गंभीर बाब अशी की, मुद्दाम बदल न केल्यास 'सुमो'च्या प्रवासनोंदीत केवळ मुक्कामी पोचलेली वाहनेच येतात. कोंडीत अडकून राहिलेल्यांची गणतीच होत नाही. सलग ३०० सेकंद अडकलेले वाहन तर उचलून पुढे ठेवले जाते. ही सोय आज्ञावली लपवून ठेवीत नाही, ती बदलताही येते. पण निष्कर्ष वाचणाऱ्याला ती ठाऊक नसेल, तर सर्वांत वाईट योजनाही चांगली भासू शकते.

तात्पर्य, कोणत्याही शहराने 'प्रतीक्षा इतके टक्के घटली' असे जाहीर करताना सोबत आणखी तीन आकडे द्यावेत: सर्वांत अधिक काळ कोण थांबले, किती वाहने पोचलीच नाहीत आणि हिशेब वाहनांचा की माणसांचा. संगणक बेरीज बिनचूक करतो यात शंका नाही. पण बेरजेत कोणाला धरायचे, हे माणसेच ठरवितात आणि त्याचा जाब त्यांनाच विचारला पाहिजे.