परसांतली कोंबडी कोणत्या जातीची असावी?

आठवड्याच्या बाजारांत हल्लीं मोटारसायकलला पेट्या बांधून पिलें विकणारे फिरूं लागले आहेत. त्यांच्या तोंडीं एकच गोष्ट असते, वर्षाला अंडीं किती. कोणी दीडशें सांगतो, कोणी दोनशें, कोणी तीनशें. आमची गांवठी कोंबडी साठसत्तरावरच थांबते. तेव्हां ऐकणाऱ्याला वाटतें कीं, आपल्या वाडवडिलांनीं हें निकामी पाखरूं उगाच पोसलें. आमचें म्हणणें असें कीं, तीनशेंचा आंकडा खोटा नाहीं. पण तो कोंबडीच्या पुढ्यांत रोज पडणाऱ्या दाण्याचा आंकडा आहे, आणि तो दाणा कोणाच्या घरांतून येणार हें विकणारा कधीं विचारीत नाहीं.

पांढऱ्या लेगहॉर्नचेंच पाहा. ही मूळची इटलीकडची जात. शहरांत जीं पांढरीं अंडीं विकतात तीं बहुतेक हिच्याच वंशाच्या कोंबड्यांचीं. पिंजऱ्यांत ठेवली तर वर्षाला तीनशेंच्या वर अंडीं ती देते. परंतु तिला रोज १०० ते ११० ग्रॅम तयार खाद्य लागतें. त्यांत मका, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा हें सारें मापून घातलेलें असतें. म्हणजे एका कोंबडीला वर्षाला सुमारें ४० किलो आणि दहा कोंबड्यांना ४ क्विंटल! ज्या घरांत ज्वारीची कणगी चैत्रांतच तळ दाखवूं लागते, त्या घरानें चार क्विंटल दाणा आणावा कोठून? बरें, दाणा न घालतां तिला उकिरड्यावर सोडावें, तर अंडीं आटतात, अंग खंगतें आणि पांढरा रंग घारीला दुरून दिसतो. शिवाय ती सहसा खुडूक होत नाहीं. विकणारा याला गुण म्हणतो. खुडूक नाहीं म्हणजे अंड्यांत खंड नाहीं, हें बरोबर. पण मग पुढचीं पिलें उबवायचीं कोणी? तीं पुन्हां त्याच्याचकडून विकत घ्यायचीं.

आतां गांवठीकडे वळूं. ती एका वेळीं बारापंधरा अंडीं घालते आणि रवणाला बसते. एकवीस दिवसांनीं पिलें निघतात, त्यांना ती महिना-दोन महिने पंखाखालीं वागविते, आणि मग पुन्हां अंड्यांवर येते. असे वर्षाला तीनचार फेरे होतात. अंडीं थोडीं कां, याचें उत्तर यांतच आहे: तिचा अर्धा काळ आईपणांत जातो. खळ्यावरचे दाणे, गोठ्यांतले किडे, वाळवी, जात्याखालच्या कण्या यांवर तिचें भागतें. घार दिसली कीं ती ओरडून पिलांना लपविते, मुंगूस आलें तर आढ्यावर उडून बसते. ज्या अंड्याला घरचा दाणा जवळजवळ लागलाच नाहीं, तें एक अंडें आणि विकतच्या खाद्यावरचें एक अंडें यांची बरोबरी कशी करावी? बाजारांतही गांवठी अंड्याला दोन पैसे अधिकच मिळतात.

म्हणून सुधारलेल्या जाती टाकाऊ आहेत, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. परसासाठीं म्हणून मुद्दाम तयार केलेल्या जाती आहेत. हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनें वनराज आणि ग्रामप्रिया या दोन काढल्या. बंगळूरच्या कृषि विद्यापीठानें गिरिराज काढली. वनराज व गिरिराज अंगानें भारी, मांस आणि अंडीं दोन्हींसाठीं. ग्रामप्रिया हलकी, मुख्यतः अंड्यांची. परसांत थोडें वरचें खाद्य मिळालें तर ती वर्षाला १६० ते १८० अंडीं देते, असें संस्थेचें सांगणें आहे. अंड्यासाठींच पाळायची तर आमचा कौल ग्रामप्रियेला. भारी कोंबडी घारीपुढें पळूं शकत नाहीं, आणि तिच्या अंगाला लागणारा चारा अंड्यांत उतरत नाहीं. पण एक गोष्ट ध्यानांत ठेवा. या संकरित जाती आहेत. त्यांचीं अंडीं उबवून निघालेल्या पिलांत आईचा अंड्यांचा गुण टिकत नाहीं.

कडकनाथाविषयीं दोन शब्द. झाबुआकडील भिल्ल-भिलालांनीं सांभाळलेली ही काळ्या मांसाची जात. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालें. पक्षी चिवट आहे, मांसाला भाव आहे. पण ती अंड्यांची कोंबडी नव्हे. वर्षाला शंभराच्या फार पुढें जात नाहीं आणि रवणालाही नीट बसत नाहीं. (तिचें अंडें काळें असतें अशी पुष्कळांची समजूत आहे. तें फिकट तपकिरी असतें.) तरीही एका कंपनीनें ‘पिलें आमचीं, खाद्य आमचें, अंडीं आम्हीच घेऊं’ असा करार करून सांगलीच्या बाजूला शेतकऱ्यांकडून रकमा गोळा केल्या. २०१९ साली तो डोलारा कोसळला, हजारोंचे पैसे अडकले, गुन्हे दाखल झाले. घरांत काय उरलें? रोज खाणाऱ्या काळ्या कोंबड्या आणि कर्ज.

मग करावें काय? ज्याच्याजवळ परस आणि चार मुठी कण्या आहेत, त्यानें दोनतीन गांवठी कोंबड्या आणि एक गांवठी कोंबडा कायमचे ठेवावे, व त्यांच्या जोडीला पांचसहा ग्रामप्रिया घ्याव्या. दोघींचीं अंडीं मिसळूं देऊं नयेत. उबवायचीं गांवठी अंडीं आठवड्याच्या आंतलीं घ्यावीं आणि त्यांवर कोळशानें खूण करावी. ग्रामप्रियेचीं सर्व अंडीं खावीं किंवा विकावीं. तिचीं एक दिवसाचीं पिलें स्वस्त मिळतात, पण पहिले चार आठवडे त्यांना ऊब लागते. दिव्याचा आणि विजेचा खर्च येथेंच बोकांडीं बसतो. याला उपाय आमच्या आज्यांना ठाऊक होता. गांवठी कोंबडी रवणाला बसून अठरावीस दिवस झाले कीं, अंधार पडल्यावर तिच्या खालचीं अंडीं काढून दहा पिलें हलक्या हातानें सरकवावीं. सकाळीं ती त्यांना आपलींच समजून उठते. हें काम लेगहॉर्न करील काय?

जात कोणतीही असो, मानमोडीपुढें सारख्याच पडतात. राणीखेत म्हणतात तो हाच रोग. आला कीं आठवड्यांत खुराडें रिकामें. पिलांना पहिल्या आठवड्यांत लासोटा आणि दोन महिन्यांच्या सुमारास दुसरी लस जनावरांच्या दवाखान्यांतून अवश्य द्यावी. एक कुपी शेंकडों पक्ष्यांना पुरते, म्हणून आळींतल्या चारपांच घरांनीं एकाच दिवशीं टोचून घ्यावें.

आणखी एक. परसांतल्या कोंबडीचा पैसा हा घरच्या बाईचा असतो. मीठ-मिरची, पोरीची पाटी, माहेरचें गाडीभाडें त्यांतून निघतें आणि कोणी हिशोब मागत नाहीं. पन्नास-शंभर कोंबड्यांचें शेड झालें कीं सही घरधन्याची, रक्कमही त्याच्याच खात्यांत, आणि खुराडें साफ करणें तेवढें तिच्याकडे उरतें. यास्तव जात निवडण्यापूर्वीं तिला विचारा. आणि सगळीं अंडीं बाजारांत नेऊं नका. २०२३ च्या नोव्हेंबरांत सरकारनें शाळेंतल्या मुलांना आठवड्याला एक अंडें द्यावयाचें ठरविलें, कित्येकांचें सोंवळें विटाळलें, आणि २०२५ च्या जानेवारींत त्यासाठींचा पैसा बंद झाला. आपल्या पोराच्या ताटांत अंडें पडावें कीं नाहीं, हें निदान आपल्या खुराड्याच्या जोरावर आपणच ठरवावें.

ज्यांना यंदा घ्यायचीं आहेत त्यांनीं होळीच्या सुमारास पिलें आणावीं. ग्रामप्रिया साधारण साडेपांच महिन्यांनीं अंड्यांवर येते, म्हणजे श्रावण सरून गणपतीपाशीं. आणि थंडींत अंड्याला गिऱ्हाईक असतें तेव्हां घालण्याच्या भरांत असते.