स्टिअरिंग सरळ दिसणं पुरेसं नाही

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी आज हौसेनं जपल्या जातात. पण गाडी सरळ धावताना स्टिअरिंग तिरकं राहिलं, की अनेकदा ते उपसून एक-दोन दाते फिरवून पुन्हा बसवलं जातं. ही पळवाट आहे. या गाडीच्या वर्म-रोलर स्टिअरिंग पेटीत मधोमध प्ले, म्हणजे सैलपणा, सर्वांत कमी असतो आणि टोकांकडे तो वाढत जातो. पेटी मध्यावर नसेल, तर स्टिअरिंग कितीही सरळ दिसो, गाडी सैल जागेवरच चालते. मग कुणीतरी प्ले कमी करायला पेटीचा स्क्रू आवळतो आणि वळताना पेटी मध्यावर आली की जड होते. एका बाजूचं वळण तोकडं पडतं ते वेगळंच.

म्हणून आधी पेटीची चाकांशी असलेली जोडणी सोडवून स्टिअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजावेत, निम्म्यावर थांबावं आणि तिथून टाय रॉड जुळवावेत. नंतर किरकोळ फरक उरला, तर एक रॉड जितका लांबवला तितकाच दुसरा आखडावा, म्हणजे टो-इन, अर्थात पुढच्या चाकांचा आतला कल, बिघडत नाही. झिजलेले बॉल जॉइंट अर्थातच त्याआधी बदललेले हवेत. ‘कॉम्प्युटर अलाइनमेंट केलंय की’, हे उत्तर अपुरं आहे. ते यंत्र चाकांचे कोन मोजतं, पेटीच्या आत पाहत नाही. गंजलेले रॉड सुटायला वेळ लागतो ही मेकॅनिकची तक्रार मात्र रास्त आहे, आणि त्या वेळेची मजुरी मालकानं खळखळ न करता द्यावी. पेटी मध्यावर, चाकं सरळ आणि तरीही स्टिअरिंग तिरकं असेल, तर मात्र ते खुशाल उपसून बसवावं.