नकाशा कुठाय?

परवा एका मित्राने त्याच्या नव्या स्टार्टअपचा डेमो दाखवला. उपग्रहाचा डेटा, त्यावर न्यूरल नेटवर्क, आणि स्क्रीनवर लाल-पिवळे चौकोन. लाल म्हणजे खाली जुनी कोळसा खाण, जमीन खचण्याचा धोका. "९९ टक्के ॲक्युरसी!" म्हणाला. मी चहा संपवला आणि गप्प बसलो. घरी आल्यावर राग आला, म्हणून हे लिहितोय.

आधी त्या ९९ टक्क्यांची गंमत. समजा हजार चौकोन आहेत आणि त्यातले पाच खचतात. "कुठेही काही होणार नाही" एवढीच ओळ छापणारा प्रोग्रॅम लिहा, ॲक्युरसी ९९.५ टक्के! असो. माझं भांडण त्याच्याही पुढचं आहे.

खाणीवरची जमीन ढोबळमानाने दोन तऱ्हांनी खचते. लाँगवॉल पद्धतीत कोळशाचा अख्खा पट्टा काढून घेतात आणि मागचं छत पडू देतात. वर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. ह्याचं गणित जुनं आहे आणि चांगलं आहे. पोलंडच्या क्नोथे यांनी १९५०च्या दशकातच त्यासाठी आपली ओळखीची घंटेच्या आकाराची वक्ररेषा वापरली. ब्रिटनच्या नॅशनल कोल बोर्डाने आपल्या खाणींवर मोजमापं घेऊन आलेखांचं हँडबुकच काढलं. थराची जाडी, खोली आणि पट्ट्याची रुंदी सांगा, बशी किती खोल होईल ते कळतं. एक्सेलमध्ये होतं हो!

दुसरी तऱ्हा वाईट. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या भुयारी खाणी बोर्ड अँड पिलरच्या, म्हणजे गल्ल्या खोदायच्या आणि मधे कोळशाचे खांब ठेवायचे. खाण उथळ असली की गल्लीचं छत थोडं थोडं पडतं आणि पोकळी वर वर सरकते. फुटलेला दगड जास्त जागा व्यापतो. गल्ली ३ मीटर उंच आणि दगड ३० टक्के फुगला, तर साधारण १० मीटरवर पोकळी आपल्याच ढिगाऱ्याने बुजते. पण वर तेवढा खडकच नसेल, किंवा ढिगारा पाण्याबरोबर शेजारच्या गल्ल्यांत पसरला, तर ती थेट वर येते. कधी? खाण बंद झाल्यावर पाच वर्षांनी येईल, पन्नास वर्षांनीही येईल.

२०२२च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूसला, जुन्या भुयारी खाणीवरच्या वस्तीत, एक अख्खं घर जमिनीत गेलं. बातम्यांत खोली ७० फुटांच्या आसपास दिली होती. घर हादरलं म्हणून माणसं बाहेर पळाली आणि वाचली, त्यानंतर काही मिनिटांतच घर गायब. निसार उपग्रह (२०२५ साली सोडला, झकास काम आहे, वाद नाही) एकाच जागी १२ दिवसांनी परत येतो. हळूहळू खोल होणाऱ्या बशीसाठी उत्तम. इथे शेवटची पायरी मिनिटांत उरकली.

म्हणजे अशा ठिकाणी खरा इनपुट वरून मिळत नाही. तो खाली आहे: गल्ल्या कुठे, किती उंच, किती खोल, खांब किती रुंद, वाळू भरली होती की नाही. साध्या शब्दांत, खाणीचा नकाशा.

दक्षिण आफ्रिकेत १९६० साली कोलब्रुक खाणीचे खांब कोसळून ४००हून जास्त माणसं गेली. त्यानंतर सॅलॅमन आणि मन्रो यांनी १२५ खाणकामांची माहिती जमवली. त्यातली कोसळलेली फक्त २७. त्यावरून त्यांनी १९६७ साली मांडलेलं खांबांच्या ताकदीचं सूत्र जगभर वापरलं गेलं. सत्तावीस ओळी, राव! पण प्रत्येक ओळीत खांबाची रुंदी, उंची आणि खोली ठाऊक होती. आमचे लोक लाखो पिक्सेल घेऊन बसतात आणि त्यात हा एक कॉलम नसतो.

ब्रिटनमध्ये बंद खाणीचा नकाशा सरकारकडे जमा करण्याची सक्ती १८७२च्या कायद्याने आली. आज तिथे कोळसापट्ट्यात घर घेणारा माणूस पैसे भरून त्या पत्त्याखालच्या खाणींचा रिपोर्ट मागवतो. आपल्याकडे नकाशे कंपन्यांच्या आणि खाण सुरक्षा खात्याच्या कपाटात. वर राहणाऱ्याला पत्ता टाकून बघायची सोय नाही.

"नकाशे जुने आहेत, राष्ट्रीयीकरणाआधीच्या खासगी मालकांचे तर चुकीचेच आहेत," असं उत्तर येतं. मान्य. अमेरिकेत २००२ साली क्वेक्रीकला शेजारच्या बंद खाणीचा शेवटचा नकाशा हाती नसल्यामुळेच कामगार पाण्यात अडकले होते (नऊच्या नऊ वाचले, नशीब). पण चुकीचा नकाशा लपवून दुरुस्त होतो का? तो छापा, शंका आहे तिथे "शंका" असं लिहा आणि घरांजवळ बोअर मारून तपासा. जमिनीचे भाव पडतील म्हणून घाबरणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की घर ज्याचं गेलं त्याच्या भावाचं काय?

दुसऱ्या दिवशी मित्राला फोन करून विचारलं, "तुझ्या मॉडेलमध्ये खाणीचे नकाशे आहेत का?"

"नाही रे, ते मिळत नाहीत. म्हणून तर एआय वापरतोय!"