हरणाच्या घासाची किंमत

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेहून पत्र आले. तो विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे आणि तेथे त्याने ४० एकर जंगल विकत घेतले आहे. पत्रासोबत एक हिशेबाचा कागद होता. माती-परीक्षण, चुनखडीची भुकटी, रासायनिक खत, तणनाशक, बियाणे, ट्रॅक्टरचे भाडे. दोन एकरांचे मिळून ६०० डॉलर. पीक कोणते? तर ओट आणि सलगम. कोणासाठी? हरणांसाठी!

मी त्या वेळी करमाळा तालुक्यात मामांकडे होतो. पत्र मोठ्याने वाचून दाखवले. मामा रात्रभर हरभऱ्याची जागल करून नुकतेच घरी आले होते. त्यांच्या शेतात काळविटांचा कळप उतरतो आणि कोवळे शेंडे खुडून जातो. डबे वाजवून, बॅटरीचा झोत टाकून, आरडाओरडा करून तो हाकलावा लागतो. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पैसं घालून हरणांसाठी पेरतात व्हय? मग त्याला लिही, आमची इकडची घेऊन जा म्हणावं. वर भाडंबी देतो."

(काळवीट हे खऱ्या अर्थाने हरीण नव्हे, ते कुरंग, असे जीवशास्त्राचे शिक्षक सांगतील. हरणाची शिंगे दरवर्षी गळतात, काळविटाची गळत नाहीत. पण मामांच्या हरभऱ्याला त्याने फरक पडत नाही.)

माझ्या विद्यार्थ्याने पत्राच्या शेवटी विचारले होते, "सर, तुम्ही आम्हाला प्रत्येक गोष्टीचा ऊर्जेत हिशेब करायला शिकवलेत. हा खर्च योग्य आहे का?" शिक्षकाला यापेक्षा मोठी गुरुदक्षिणा कोणती? मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीही बसा. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा दाखवायला पुरेसे आहेत. त्या अक्षांशावर पिकाच्या दिवसांत दर चौरस मीटरवर रोज सुमारे १८ मेगाजूल सूर्यप्रकाश पडतो. हंगाम १५० दिवसांचा धरा, एकर ४,००० चौरस मीटरचा धरा. गुणाकार केला की एका एकरावर १ कोटी मेगाजूलहून थोडी अधिक ऊर्जा येते. पीक बरे आले तर त्यातून सुमारे २ टन सुका चारा मिळेल. किलोला १७ मेगाजूल धरले तर ३४,००० मेगाजूल झाले. म्हणजे सूर्याने दिलेल्या हजार भागांपैकी जेमतेम तीन-साडेतीन भाग वनस्पतीने साठवले!

यातला निम्मा चारा हरणांच्या पोटात गेला असे समजू; उरलेला तुडवला जातो, कुजतो, बर्फाखाली जातो. तेथील पांढऱ्या शेपटीचे हरीण दिवसाला सुमारे दीड किलो सुका चारा खाते. म्हणजे एक टन चाऱ्यावर एक हरीण दोन वर्षांचे होईल. त्याची शिकार झाली तर हाडे वगळून २५ किलो मांस मिळेल. किलोला ५ मेगाजूलप्रमाणे ही ऊर्जा झाली १२५ मेगाजूल. बाकीची कोठे गेली? चालण्यात, धावण्यात, रवंथ करण्यात आणि मुख्य म्हणजे त्या भयंकर थंडीत शरीर गरम ठेवण्यात.

आता माणसाने घातलेली ऊर्जा पाहू. एकरी ४० किलो नत्र लागले. हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करायला प्रचंड दाब आणि तापमान लागते, व त्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. एक किलो नत्रामागे ५० मेगाजूल धरले तर २,००० मेगाजूल. नांगरट, कुळवणी, पेरणी यांसाठी २० लिटर डिझेल, म्हणजे आणखी ७२० मेगाजूल. चुनखडी, तणनाशक, बियाणे मिळून बेरीज ३,००० च्या घरात जाते. ३,००० भागिले १२५ म्हणजे २४. मांसातल्या एका जूलसाठी जमिनीखालून काढलेल्या इंधनाचे २४ जूल खर्ची पडले.

येथे कोणी म्हणेल, सर, तो माणूस मांसासाठी पेरतच नाही. त्याला पहाटेच्या धुक्यात हरणे पाहायची आहेत, हिवाळ्याच्या तोंडाला एखादी शिकार करायची आहे. हे खरे आहे. हौसेला मोल नसते. म्हणून मी त्याला आकड्यांवरून रागावलो नाही. एवढेच सुचवले की ओटऐवजी क्लोव्हर पेर. ही आपल्या लसूणघासाच्या कुळातली वनस्पती. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन स्वतःच पकडतात, तोही कारखान्यातला दाब आणि उष्णता न वापरता. नत्राचे २,००० मेगाजूल वजा केले की २४ चा आकडा ८ वर येतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दाट जंगलातली थोडी झाडे कापून ऊन जमिनीपर्यंत पोचू देणे. मग तेथली रानटी झुडपे आपोआप फुटतात. थंडीत हरणांचे मूळचे अन्न कोवळ्या डहाळ्या आणि कळ्या हेच असते.

पण माझा खरा आक्षेप निराळा आहे, आणि तो हिशेबाच्या कागदावर कोठेच नव्हता.

पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. वर नळ, खाली भोक. येणारे पाणी आणि जाणारे पाणी समान झाले की पातळी स्थिर राहते. हरणांच्या टाकीचा नळ म्हणजे जन्म, आणि भोक म्हणजे लांडगे, शिकार व हिवाळ्यातली उपासमार. विस्कॉन्सिनमधून लांडगा १९६० च्या सुमारास नाहीसा झाला होता. पुढे तो परतला, पण माणसांची वस्ती आणि शेती असलेल्या बऱ्याच भागात आजही नाही. आता माझा विद्यार्थी चारा पेरून उपासमारीचे भोकही बुजवू पाहतो आणि वर चांगल्या पोषणाने नळ मोठा करतो. पोटभर खाल्लेली मादी बहुधा जुळी पाडसे देते.

याचा परिणाम किती वेगाने दिसतो? मिशिगन विद्यापीठाच्या जॉर्ज रिझर्व्ह या कुंपण घातलेल्या क्षेत्रात १९२८ साली ६ हरणे सोडली होती, २ नर आणि ४ माद्या. १९३३ च्या अखेरीस मोजणी केली तेव्हा १६० च्या आसपास भरली! ६ ला पाच वेळा दुप्पट केले तर १९२ होतात. म्हणजे सहा वर्षांच्या आत जवळजवळ पाच दुपटी. कोणती बँक हा व्याजदर देईल?

सन १९०० च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत ही हरणे बेसुमार शिकारीमुळे पाच लाखांच्या आत आली होती. त्यांना वाचवणे ही मोठी कामगिरी होती, यात शंका नाही. पण आज ती अडीच-तीन कोटी आहेत. रस्त्यावर हरीण आडवे येऊन होणारे अपघात वर्षाला दहा लाखांहून अधिक आहेत. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हेमलॉक आणि सीडर या झाडांची रोपे हरणांच्या तोंडातून वाचून वर येत नाहीत, हे तेथील वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८८ सालीच दाखवून दिले. म्हातारी झाडे उभी आहेत, पण त्यांच्या खाली मुले नाहीत. त्याच विस्कॉन्सिनमध्ये आल्डो लिओपोल्ड हे वन्यजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. हरणे कमी करा, माद्यांचीही शिकार होऊ द्या, असे ते १९४० नंतरच्या वर्षांत सांगत राहिले आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. हरणावर प्रेम असलेला माणूसच हरणे मारा म्हणतो, हे लोकांना पटत नव्हते. लिओपोल्ड यांचे बरोबर होते असे माझे मत आहे.

आणखी एक धोका रोगाचा. हरणांना मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग होतो. तो १९६७ साली कोलोराडोत प्रथम दिसला, २००२ साली विस्कॉन्सिनमध्ये आढळला. जीवाणूने किंवा विषाणूने नव्हे, तर प्रिऑन या बिघडलेल्या घडीच्या प्रथिनाने तो होतो. लाळेतून, मलमूत्रातून प्रिऑन मातीत जातो आणि वर्षानुवर्षे टिकतो. जी जागा अनेक हरणांना एकत्र आणते ती धोक्याची. म्हणूनच बाधित भागांत हरणांना धान्याचे ढीग घालायला तेथे बंदी आहे. पेरलेल्या पिकाला मात्र ती लागू नाही.

म्हणजे पाहा, जमीन खाजगी, बियाणे खाजगी, हौस खाजगी. पण हरीण मात्र कायद्याने सर्व जनतेचे. दोन एकरांवर पोसलेले हरीण कुंपण ओळखत नाही. ते शेजाऱ्याचा मका खाते, सरकारी जंगलातली रोपे खाते, रस्त्यावर मोटारीपुढे येते. हा खर्च ६०० डॉलरांत धरलेला नाही. तो दुसरेच कोणी भरतात.

आणि येथेच मला मामा आठवतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला संरक्षण दिले. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचे छोटे अभयारण्यही आहे. तुम्ही-आम्ही सहलीला जातो, उड्या मारणारा कळप पाहून टाळ्या वाजवतो. त्या उडीतली ऊर्जा कोणाच्या तरी ज्वारी-हरभऱ्यातून आलेली असते. तेथे एक माणूस हौसेने पेरतो आणि खर्च इतरांवर पडतो. येथे हौस आपल्या सर्वांची आणि खर्च एका मामांचा. नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी पंचनामा व्हावा लागतो. हरणांनी शेंडे खुडल्यावर हरभऱ्याला पुन्हा फुटवे येतात; मग नुकसान किती, हे नुसत्या नजरेने कोण सांगणार? गेल्या वर्षी मामांची भरपाई याच वादात अडकली.

माझ्या विद्यार्थ्याला मी दोन अटी लिहून कळवल्या. पेरायचेच असेल तर क्लोव्हर पेर, आणि दर हिवाळ्यात नरांच्या आधी माद्यांची शिकार कर. ते जमणार नसेल तर ट्रॅक्टर परत देऊन टाक. त्याचे उत्तर आले. पहिली अट मान्य, दुसरीबद्दल तो शेजाऱ्यांशी बोलतो आहे. सोबत एक छायाचित्र होते. शेताच्या मध्ये त्याने तारेच्या जाळीचा एक मीटर लांब-रुंद पिंजरा ठोकला आहे. हरणे आतले खाऊ शकत नाहीत. आतला आणि बाहेरचा तेवढ्याच जागेतला पाला कापून, वाळवून, वजन करायचे. वजाबाकी म्हणजे हरणांनी खाल्लेला चारा.

कल्पना मला फार आवडली. या रब्बीत मामांच्या हरभऱ्यात असे चार पिंजरे बसवायचे ठरवले आहे. आपण हरभरा काढणीच्या वेळी आतल्या आणि बाहेरच्या दाण्यांचे वजन करू. जाळी गावच्या शाळेतली नववीची मुले आणणार आहेत, तराजू आमच्या प्रयोगशाळेतला. मामांनी एकच शंका काढली, "पिंजऱ्यातला हरभरा मोजून झाल्यावर माझाच ना?"