आडनावांचे दुकानदार

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या आयर्लंडहून घरी आला, तेव्हा त्याने गॉलवेच्या आपल्या घरमालकाकडची एक हकीकत सांगितली. गृहस्थांचे आडनाव किंग. त्यांच्या दिवाणखान्यात एक चौकट टांगलेली; तीत सोनेरी मुकुट, खाली ढाल आणि त्याखाली जुन्या वळणाच्या अक्षरांत मजकूर, की हे घराणे राजवंशातले. चौकट अर्थातच दुकानातून विकत आणलेली. पुतण्याला ती फार आवडली. मला तिचा राग आला. चकलीच्या ताटावर आमचा जो वाद जुंपला तो अजून मिटलेला नाही, म्हणून माझी बाजू वाचकांपुढे मांडतो. पुतण्याला वाटल्यास त्याने आपली पुढच्या वर्षी मांडावी.

गॉलवेकडच्या पुष्कळ किंग मंडळींचे मूळ गेलिक आडनाव ‘मॅक कॉनरी’. त्यात राजा कोठेच नाही. ‘मॅक’ म्हणजे मुलगा. ‘कॉन’ हे ‘कू’ या शब्दाचे षष्ठीचे रूप. आणि ‘कू’ म्हणजे शिकारी कुत्रा. हसू नका. गेलिक लोकांत हे नाव शूराला शोभे. त्यांच्या कथांतला सर्वांत मोठा वीर कूहूलिन हाही ‘कुलनचा कुत्रा’च. पण शेवटचे ‘री’ कानाला राजा या अर्थाच्या ‘री’सारखे लागले आणि इंग्रजीत जाताना त्याचे भाषांतर होऊन बसले. भिंतीवर जो मुकुट लटकतो आहे तो एका गैरसमजाचा आहे.

असे गैरसमज डझनावारी सापडतील. ‘मॅक अन टीर’ म्हणजे कारागिराचा, विशेषतः सुताराचा मुलगा. स्कॉटलंडचे मॅकिन्टायर ते हेच. पण ‘सीर’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘मुक्त’, म्हणून काही घरे झाली ‘फ्रीमन’. रंधा गेला आणि हातात नुसते स्वातंत्र्य आले! याहून मला बोचते ते ‘वॉर्ड’ हे आडनाव. इंग्रजी जाणणारा कोणीही सांगेल, वॉर्ड म्हणजे पहारेकरी. आयर्लंडातल्या अनेक वॉर्डांचे मूळ मात्र ‘मॅक अन वार्ड’, म्हणजे भाटाचा, कवीचा मुलगा. डोनेगॉल आणि गॉलवे भागांत या घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या कवित्वाची वृत्ती होती. ज्यांच्या पूर्वजांनी सरदारांच्या सभेत काव्ये म्हटली, त्यांच्या हाती दुकानदार भाला आणि कंदील देतो, आणि वर पैसे घेतो.

पुतण्या म्हणतो, “काका, यात कोणाचे काय बिघडले? लोकांना तेवढेच समाधान.” बिघडले आहे, आणि ते पुष्कळ आहे. ही नावे आपोआप बदलली नाहीत. डब्लिन व शेजारच्या परगण्यांतल्या आयरिशांनी इंग्रजी आडनावे घ्यावीत, असा कायदाच 1465 मध्ये झाला. गावावरून घ्या, ट्रिम किंवा कॉर्क; रंगावरून घ्या, व्हाइट किंवा ब्राउन; धंद्यावरून घ्या, स्मिथ किंवा कार्पेंटर; हुद्द्यावरून घ्या, कुक किंवा बटलर! सरकारने जणू आडनावांची यादीच समोर टाकली. स्कॉटलंडात तर 1603 मध्ये मॅकग्रेगर हे नाव धारण करणे हाच गुन्हा ठरला, आणि त्याला शिक्षा देहान्ताची. मध्यंतरी काही वर्षे ती बंदी उठली, पुन्हा लादली गेली, आणि कायमची सुटली ती 1774 मध्ये. हा सगळा इतिहास पुसून त्या जागी जो सोनेरी मुलामा देतो, त्याला निरुपद्रवी म्हणावयास मी तयार नाही.

बरे, खरा अर्थ सापडला तरी दुकानदाराला तो सोसत नाही. कॅम्बेल म्हणजे ‘वाकडे तोंड’. एवढ्या मातब्बर घराण्याला हे कसे खपावे? तेव्हा ‘सुंदर मैदान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांशी त्याचे नाते जोडण्याचा खटाटोप शतकांपूर्वीच झाला. केनेडी या नावात ‘डोके’ नक्की आहे. पुढचे पद ‘कुरूप’ की ‘शिरस्त्राण घातलेले’, यावर पंडितांत मतभेद आहेत. चौकटीवर मात्र शिरस्त्राणच झळकते. आणि ती ढाल? कुलचिन्ह मुळात दिले जाते ते एखाद्या माणसाला आणि त्याच्या वंशजांना. नुसते आडनाव जुळले म्हणून ते आपले म्हणणे, हे शेजाऱ्याच्या दाराची पाटी उचलून आणण्यासारखे आहे.

यात मुलींचे काय झाले, हे तर कोणीच विचारीत नाही. ‘ओ’ म्हणजे नातू, वंशज. ओ’ब्रायन ते 1014 मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरूचे वंशज. पण आयरिश भाषेत भाऊ ‘ओ डोनिल’ असेल तर बहीण ‘नी गोनिल’, आणि त्याची बायको ‘बॅन ई गोनिल’. नावावरूनच कळे की ही लेक आहे की सून. इंग्रजीने सरसकट सगळ्यांना ‘नातू’ करून टाकले. नूआला नी गोनिल यांच्यासारख्या कवयित्रीने ते ‘नी’ जपले आहे. दुकानातल्या पेल्यावर आणि किल्ल्यांच्या साखळीवर ते तुम्हांला दिसणार नाही.

परत मिळवण्याचे प्रयत्न झाले, नाही असे नाही. डग्लस हाइड यांनी 1892 मध्ये डब्लिनच्या व्याख्यानात इंग्रजी वळणाची नावे टाकून द्या असे आपल्या लोकांना बजावले. पुढे 1938 मध्ये ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पुष्कळांनी गळालेले ‘ओ’ पुन्हा लावले. काहींनी चुकीचेही लावले: गॉर्मन हे मूळचे ‘मॅक’वाले, पण आज ‘ओ’गॉर्मन’ म्हणून नांदताहेत! या चुकीला मी हसतो, पण तिचा मला राग येत नाही. ती घरच्या माणसांनी, हरवलेले शोधताना केलेली आहे.

आणि हे सगळे आपल्यापासून फार दूरचे आहे असेही नाही. मराठ्यांचा इतिहास 1826 मध्ये छापणारा ग्रँट डफ यातला ‘डफ’ म्हणजे गेलिक ‘दुव्ह’, म्हणजे काळा. सरळ आपले काळेच म्हणा. महाबळेश्वरची माल्कमपेठ ज्याच्या नावाने वसली तो मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम. त्याच्या नावाचा अर्थ ‘संत कोलुंबाचा मुंडित सेवक’. स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

उलट दिशेचेही एक नाव आहे. 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 ते 2024 आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. गेलिक आडनाव बहुधा पूर्वज सांगते, गाव क्वचितच. आमचे कोकणी आडनाव नेमके गाव सांगते. उद्या डब्लिनच्या एखाद्या दुकानात ‘वराडकर’ची चौकट लागलीच, तर तीवर काय लिहिलेले असेल हे मी आजच सांगतो. ‘वरद’ हा संस्कृत शब्द शोधून काढतील, त्यावर ‘वर देणारे देवकुल’ असे लिहितील आणि वर एक कमळ काढतील. पुतण्याला मी म्हटले, तशी चौकट दिसली तर दुकानदाराला एवढेच सांग: वराड हे मालवण तालुक्यातले गाव आहे, आणि वराडकर म्हणजे वराडचा माणूस.