वस्तादाचा हात आणि कायदा

भीमा-अमरजा संगमावरील गाणगापूर आपणांस दत्तक्षेत्र म्हणून ठाऊक आहे. त्या भीमाकाठी जत्रेत कुस्तीचा फड भरतो. मल्लाचा खांदा निखळला, की डॉक्टरच्या आधी वस्तादच धावून जातो. त्याने कायद्याने किती करावे?

अमेरिकेतील टेक्सस राज्याने १९७१ साली अशा क्रीडाप्रशिक्षकांसाठी परवाना सुरू केला. दुखापतीची शुश्रूषा त्यांनी डॉक्टरच्या देखरेखीखाली करावयाची असते. आपल्या वस्तादास असा परवाना नाही. कसरत शिकविणे, तेल लावून अंग रगडणे, प्रथमोपचार करणे, यांस कोणाची हरकत नसते. परंतु औषध, सुई ही नोंदणीकृत डॉक्टरची कामे होत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ अन्वये नोंदणीवाचून वैद्यकी करणाऱ्यास १ वर्षापर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फिजिओथेरपिस्टसाठी २०२१ चा निराळा कायदा असून त्यास पदवी लागते.

मग खांदा ओढून बसवावा काय? वस्तादांचा अनुभव मोठा, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि खांद्याजवळून हाताच्या मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात, आणि आत हाड मोडले आहे की नाही, हे एक्स-रेवाचून नक्की कळत नाही. चुकीच्या हिसक्याने मल्ल हाताला कायमचा मुकेल. हात झोळीत बांधावा, बर्फाने शेकावे, खाऊ घालू नये. पुढे भूल द्यावी लागेल. बोटे बधिर वा गार पडली, तर क्षणाचाही विलंब नको. म्हणून फडाच्या पंचांनी कुस्त्या लागण्यापूर्वीच गाडी सांगून ठेवावी.