आधी दगड, मग सुरी

टोकियोमध्ये उएनो आणि असाकुसा या दोन भागांच्या मधोमध काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे. खाणावळी आणि हॉटेले चालवणाऱ्यांना लागणारी यच्चयावत चीजवस्तू तिथे मिळते : पातेली, वाडगे, दारावरचे कापडी पडदे, काचेच्या कपाटात मांडायचे प्लॅस्टिकचे खोटे पदार्थसुद्धा. अलीकडे तिथे हॉटेलवाल्यांइतकीच प्रवाशांचीही गर्दी असते आणि ती मुख्यतः सुऱ्यांच्या दुकानांपुढे. माझा भाचा टोकियोत नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो असताना अशाच एका दुकानात तो खरेदी करीत होता आणि मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गंमत पाहत होतो. गिऱ्हाईक सुरी पसंत करी, विक्रेता पात्यावर त्याचे नाव जपानी अक्षरांत कोरून देई, फोटो निघे, सुरी डबीत जाई. तासाभरात अशा अकरा सुऱ्या विकल्या गेल्या. शेजारच्या फळीवर धार लावायचे दगड ओळीने मांडलेले होते. त्यांतला एकही खपला नाही.

ही हौस आता आपल्याकडेही पोचली आहे. परदेशी गेलेली मुले आईसाठी सुरी आणतात, लग्नाच्या वाढदिवसाला भेट देतात. म्हणून थोडे कडक वाटले तरी सांगून टाकतो : ज्याला दगड विकत घ्यायचा नाही आणि महिन्यातून एकदा अर्धा तास त्या दगडापुढे उभे राहायचे नाही, त्याने जपानी सुरी घेऊ नये. त्याच्यासाठी जर्मन सुरी आहे, आपल्या बाजारातली साधी सुरी आहे, झालेच तर आजीची विळी आहे. यांपैकी कोणतीही त्याच्या हाती जास्त टिकेल.

पोलादाचा कठीणपणा रॉकवेल मापाने मोजतात. जर्मन सुऱ्या साधारण ५६ ते ५८ अंकांच्या असतात. चांगल्या जपानी सुऱ्या ६० च्या पुढे, काही तर ६५ पर्यंत. अंकांतला फरक किरकोळ दिसतो, स्वभावातला तसा नाही. मऊ पोलादाची धार वापरात वाकते आणि लोखंडी दांडीवर चार वेळा ओढली की पुन्हा सरळ होते. कठीण पोलाद सहजी वाकत नाही, म्हणून त्याचे पाते पातळ ठेवता येते आणि धारही निमुळती काढता येते. टोमॅटोवर ठेवली की सुरी स्वतःच्या वजनाने खाली उतरते ती त्यामुळे. पण ताण सोसेनासा झाला की हे पोलाद वाकत नाही, तुटते. आणि बोथट झाले की दांडीला दाद देत नाही. त्याला पाण्याचा दगडच लागतो.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. भाच्याने त्या दिवशी घेतलेली सुरी माझ्या बहिणीसाठी, म्हणजे त्याच्या आईसाठी होती. मीच ती पुण्याला घेऊन आलो. पंधरा दिवस घरात तिचे कौतुक चालले होते. सोळाव्या दिवशी बहिणीने करवंटीतले खोबरे सुरीच्या टोकाने उचकटायला घेतले आणि पात्याला नखाएवढा अर्धचंद्र पडला. पुढची चूक माझी. मी ती सुरी दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिली. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्यांचे झाड उडाले, मुले खूश झाली आणि सुरी परत आली तेव्हा धारेलगत निळसर झाक होती. पोलाद तापून तिचे पाणी उतरले होते. धारवाल्याचा यात काडीचाही दोष नाही. विळीच्या आणि कात्रीच्या पोलादाला चालते तेच त्याने केले.

जपानी लोक सुरीला होचो म्हणतात. हा शब्द मुळात चिनी. च्वांग-त्सुच्या ग्रंथात एक खाटीक-आचारी येतो, त्याच्या नावावरून तो आला. सामान्य आचारी महिन्याला सुरी बदलतो कारण तो तोडतो, बरा आचारी वर्षाला बदलतो कारण तो कापतो. या गृहस्थाची सुरी मात्र एकोणीस वर्षे चालली, कारण ती सांध्यांमधल्या मोकळ्या जागेतूनच फिरे. करवंटीशी झोंबाझोंबी करणाऱ्या आमच्या घराण्याने हे आधी वाचायला हवे होते.

ओसाकाजवळचे साकाई हे या धंद्याचे जुने गाव. १६व्या शतकात पोर्तुगीजांच्या मार्फत जपानात तंबाखू आली, पाने बारीक चिरायला सुऱ्या हव्या झाल्या, आणि साकाईच्या सुऱ्यांवर पुढे तोकुगावा राजवटीची मोहोर उमटू लागली. १८७६ मध्ये सरकारने तलवार बाळगायला बंदी केली तेव्हा तलवारी घडवणारे कितीतरी हात देशभर विळे-सुऱ्यांकडे वळले. (‘तलवारीच्या पोलादाची सुरी’ ही जाहिरात मात्र सहसा खरी मानू नये. तलवारीचे पोलाद भट्टीत वेगळे काढतात. सुऱ्यांना कारखान्यातले लागते. त्यांतली ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’ ही प्रसिद्ध नावे तर पोलादाच्या वेष्टनाच्या रंगावरून पडलेली आहेत.) साकाईत एक सुरी तीन घरांतून फिरते. लोहार मऊ लोखंडाला कठीण पोलाद जोडून पाते घडवतो आणि त्याला पाणी देतो. दुसरा कारागीर धार काढतो. तिसरा मूठ बसवतो.

चौथा कारागीर म्हणजे विकत घेणारा, असे तिथे कोणी पाटीवर लिहिलेले नाही. पण एका दुकानात मला दोन सुऱ्या शेजारी शेजारी टांगलेल्या दिसल्या. एक नवी, कच्च्या माशाचे काप काढायची, विळ्याच्या पानासारखी लांब. दुसरी निम्म्या रुंदीची, जवळजवळ सुयासारखी. मी समजलो, निराळा प्रकार असेल. भाच्याने विचारून सांगितले, दोन्ही एकच. दुसरी एका आचाऱ्याने आयुष्यभर दगडावर घासून वापरलेली आणि निवृत्त होताना दुकानाला दिलेली. तिचे नाहीसे झालेले निम्मे अंग रोज रात्री थोडे थोडे करून दगडावर उतरले होते.

निवडीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण दुकानात आहे त्यातले बहुतेक आपल्याला नको असते. एका बाजूनेच धार असलेल्या व्यावसायिक सुऱ्या, म्हणजे माशाची जाड देबा किंवा भाजीची उसुबा, घरात आणू नयेत. त्यांची धार लावणे हे वेगळे शिक्षण आहे, आणि डावखुऱ्याला त्या खास मागवाव्या लागतात, वर पैसेही जास्त. घरासाठी दोन्ही बाजूंनी धार असलेली सांतोकू पुरते. मांस, मासे, भाजी अशा तिन्ही कामांना चालणारी म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धानंतर ती तिथल्या घराघरात गेली. शाकाहारी घराने चौकोनी नाकिरी घ्यावी. मेथी-कोथिंबीर चिरायला तिच्यासारखी सुरी नाही. लांबी साडेसोळा सेंटिमीटर असावी. पात्यावर लाटांची नक्षी असलेल्या सुऱ्या सर्वांत महाग असतात आणि सर्वांत आधी खपतात. ती नक्षी बाहेरच्या आवरणाची. कापते ते आतले पोलाद, आणि ते बिननक्षीच्या सुरीतही तेच असू शकते. वाचलेल्या पैशांत दगड येतो.

दगड एक हजार नंबरचा घ्यावा. खडे पडले तर चारशेचा, चकाकी हवी तर तीन किंवा सहा हजाराचा, पण ते नंतर. क्योतोच्या डोंगरातले नैसर्गिक दगड नामांकित, मात्र तिथल्या बहुतेक खाणी बंद झाल्या आहेत. कृत्रिम दगड शिकणाऱ्याला उत्तम. भिजवायचा दगड असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा, मग ओल्या फडक्यावर घट्ट बसवावा. सुरीची पाठ दगडापासून इतकी उचलावी की खाली करंगळी जेमतेम शिरेल. हा झाला साधारण १५ अंशांचा कोन. तो सांभाळणे हीच सारी विद्या. डाव्या हाताची दोन बोटे धारेलगत ठेवून सुरी पुढे-मागे न्यावी. दगडावर राखाडी चिखल जमतो, तो धुऊन टाकू नये. काम तोच करतो. घाई करणाऱ्याला इथे पहिला धडा मिळतो, कारण एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला पोलादाचा अगदी बारीक काठ उलटून आल्याशिवाय बाजू बदलायची नसते. तो डोळ्यांना दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे अलगद सरकवला की खरखर लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली की बाजू बदलावी. शेवटी हा काठ हलक्या हाताने काढायचा, आणि त्यासाठी तिकडे सुरी वर्तमानपत्राच्या घडीवर चारदा ओढतात. आमच्या धंद्याचा असाही एक उपयोग. दगडाला मध्ये खळगा पडतो, तो सपाट करून घेत जावा. वाकड्या दगडावर सरळ धार येत नाही.

निगा म्हणाल तर साधी आहे. लाकडी पाट वापरावा, काच किंवा ग्रॅनाइट नको. हाडे, करवंटी, बर्फातला मासा यांना दुसरे हत्यार ठेवावे. चिरलेले पातेल्यात ढकलताना धार नव्हे, पाठ वापरावी. साधे पोलाद लिंबू, चिंच, कांदा यांनी काळसर पडते. तो डाग म्हणजे गंज नव्हे, उलट थोडे संरक्षणच. पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात ओली ठेवलेली सुरी एका रात्रीत तांबूस होते, म्हणून ती लगेच धुऊन, पुसून ठेवावी. तिकडे कॅमेलियाच्या बियांच्या तेलाचा हात देतात. मी खोबरेलाचा देतो. रोजच्या घाईच्या घराने न गंजणारे पोलाद घ्यावे, त्यात कमीपणा नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, गिऱ्हाइकाने धार लावली नाही तरी कारागिराचे पोट भरतेच ना? भरते. साकाईच्या मालाला आज परदेशांतून मागणी आहे आणि घडवणारे हात मात्र वयस्क होत चालले आहेत. मागे येणाऱ्यांची वानवा आहे. नेमकी म्हणूनच मला ती डबीत बंद झालेली सुरी खुपते. मोजक्या उरलेल्या हातांनी केलेली वस्तू सहा महिन्यांत बोथट होऊन खणात पडावी, ही चैन आपल्याला परवडली तरी त्या हातांना परवडणारी नाही. मी काप्पाबाशीत दुकानदार असतो, तर नाव कोरण्याआधी गिऱ्हाइकाला तासभर दगडावर बसवले असते आणि कंटाळून उठला त्याला सुरी दिली नसती. धंदा बुडाला असता हे मान्य.

बहिणीची ती सुरी माझ्याकडेच आहे. भाच्याने चारशेचा आणि हजाराचा असे दोन दगड पाठवले. जळालेली निळी कड पहिल्या चार रात्रींत गेली. अर्धचंद्रापर्यंत अख्खी धार खाली आणायला उरलेला पावसाळा लागला, आणि अजून तांदळाच्या कणीएवढी खाच शिल्लक आहे. सुरी दोन-तीन मिलिमीटर अरुंद झाली आहे. बहीण मधूनमधून फोनवर विचारते, ‘झाली का रे?’ आणि पलीकडून विळीवर नारळ खोवल्याचा आवाज येत असतो.